जुन्या रोड टेस्ट पुन्हा वाचताना : मॉरिस ऑक्सफर्ड, हेराल्ड आणि आपल्या अंगणातली ॲम्बेसेडर

आर्वीचा वाटसरू (जानेवारी)

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या आधी गावी घराची माडी झाडताना मोठेबाबांची लोखंडी ट्रंक उघडली. मोठेबाबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते. सरकीच्या व्यवहारासाठी नागपूरला गेले की सीताबर्डीवरच्या रद्दीच्या दुकानातून ते ‘दि ऑटोकार’ आणि ‘दि मोटर’ ही इंग्लंडची साप्ताहिके वजनावर घेऊन येत. १९५४ ते १९६९ या काळातले शंभराहून अधिक अंक त्या ट्रंकेत निघाले. कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्यामुळे काही पाने सोडली तर वाळवीने त्यांना हात लावलेला नाही. गेले दोन महिने रोज रात्री मी त्यातली एकेक रोड टेस्ट वाचतो आहे. वाचताना जे प्रश्न पडले ते जाणकारांपुढे ठेवावेत म्हणून हा धागा काढला.

‘दि ऑटोकार’ १८९५ साली सुरू झाले आणि ठरलेल्या पद्धतीने मोजमापे घेऊन गाडीची चाचणी छापण्याची प्रथा त्याने १९२८ मध्ये घातली. माझ्याकडच्या अंकांत ही पद्धत चांगली रुळलेली दिसते. आधी दोन-तीन पाने वर्णनाची, मग एक पान निव्वळ आकड्यांचे. सुरुवातीला मी वर्णनच वाचत होतो, पण आता अंक उघडला की आधी आकड्यांचे पान काढतो, आणि त्यातही सगळ्यात बारीक टाइपात छापलेली ओळ. त्या ओळीत चाचणीच्या दिवशीचे तापमान, वाऱ्याचा जोर, रस्ता कोरडा होता की ओला, पेट्रोल कोणत्या प्रतीचे होते, हे सारे लिहिलेले असते. गाडीच्या स्पीडोमीटरवर ही मंडळी विश्वास ठेवत नसत. गाडीच्या मागे सायकलच्या चाकासारखे पाचवे चाक जोडून खरा वेग मोजत आणि स्पीडोमीटर किती जास्त दाखवतो तेही छापत. वाऱ्याचा आणि उताराचा फायदा निघून जावा म्हणून प्रत्येक मोजणी दोन्ही दिशांना करून सरासरी घेत. वर्णन लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडी असतात, परंतु हे पान सत्तर वर्षांनंतरही तपासून पाहता येते, आणि माझ्या मते रोड टेस्टचा जीव याच पानात आहे.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे मोठेबाबांनी १९७८ मध्ये घेतलेली मार्क तीन ॲम्बेसेडर आहे आणि ती अजून चालते. ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून मी ऑक्सफर्डची चाचणी शोधून काढली. ‘दि मोटर’ने १९५४ मध्ये तपासलेली सीरिज दोनची ऑक्सफर्ड ताशी सुमारे ७४ मैल, म्हणजे ११९ किलोमीटर पळाली. शून्यापासून ६० मैलांचा वेग गाठायला तिला २९ सेकंदांच्या आसपास लागले आणि गॅलनला तिने २८ मैलांचे ॲव्हरेज दिले. हे आकडे आमच्या गाडीला कितपत लागू करता येतील?

याच चाचणीच्या समासात मोठेबाबांनी पेन्सिलीने स्वतःच्या गाडीच्या नोंदी केल्या आहेत. किलोमीटरच्या दोन दगडांमधले अंतर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून किती सेकंदांत कापले, ते त्यांनी दोनदा लिहिले आहे : ‘डिसेंबर, पहाट, ३४’ आणि खाली ‘मे, दुपार, ३४’. दुसऱ्या आकड्यापुढे त्यांनी मोठे प्रश्नचिन्ह काढले आहे. उन्हात गाडी मरगळते हे आपण सगळेच अनुभवतो, मग वेग सारखाच कसा आला, हा त्यांना पडलेला प्रश्न असावा. मलाही त्याचे उत्तर सुचलेले नाही.

मिस्त्री परतवाडा

वाटसरू भाऊ, ट्रंक जपून ठेवा. वर्णनापेक्षा आकडे बोलके, हे तुमचे म्हणणे मान्य. पण आकड्यांकडे जाण्याआधी ती चाचणी आपल्याच गाडीची आहे का हे पाहावे लागते. नाव एक आणि इंजिन दुसरे, असा घोळ आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत जागोजागी आहे.

तुमच्याच गाडीचे पाहा. सीरिज दोनच्या ऑक्सफर्डवरून आपल्याकडे लँडमास्टर निघाली, तर ॲम्बेसेडर ही १९५७ मध्ये सीरिज तीनवरून आली. इंग्लंडच्या सीरिज दोनमध्येच १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर असलेले इंजिन होते. लँडमास्टरमध्ये मात्र १४७६ सीसीचे, व्हॉल्व्ह बाजूला असलेले जुने साइड व्हॉल्व्ह इंजिन बसत होते आणि पहिल्या ॲम्बेसेडरलाही तेच मिळाले. १४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडे १९५९ मध्ये आले. म्हणून तुमच्या १९७८ च्या गाडीची त्या चाचणीशी तुलना बऱ्यापैकी करता येईल, पण कोणाकडे १९५८ ची ॲम्बेसेडर असेल तर त्याने ते पान बाजूला ठेवावे.

फियाटमध्ये याहून मोठी फसगत होते. इटलीत जी ११०० डी म्हणून विकली गेली तिला १२२१ सीसीचे इंजिन होते. आपल्याकडे त्याच अंगाची गाडी डिलाइट नावाने १९६४ मध्ये आली आणि पुढे पद्मिनी झाली, तिच्यात पेट्रोलचे इंजिन शेवटपर्यंत १०८९ सीसीचेच राहिले. परदेशी मासिकातली ११०० डीची चाचणी वाचून माझ्याकडे गाडी आणणारे विचारतात की मिस्त्री, पिकअप एवढा का नाही. पिकअप असणार कुठून? १३२ सीसीचा फरक आहे.

ट्रायम्फ हेराल्डचेही तसेच. इंग्लंडमध्ये ती १९५९ मध्ये ९४८ सीसीने सुरू झाली, १९६१ मध्ये ११४७ आणि १९६७ मध्ये १२९६ सीसीपर्यंत गेली. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड मात्र ९४८ वरच राहिली. शिवाय चार दारांची हेराल्ड भारताखेरीज कुठेच बनली नाही. तिची चाचणी इंग्रजी साप्ताहिकात सापडणारच नाही.

निवृत्त मास्तर, दारव्हा

वाटसरूंनी दिलेल्या पेन्सिलीच्या नोंदीने मला आज सकाळपासून कामाला लावले आहे. त्या प्रश्नचिन्हाकडे येतोच, पण मिस्त्रींच्या इशाऱ्याला आणखी एक जोडून घेऊ.

एककांकडे लक्ष ठेवावे. इंग्लंडचा गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा. इंग्रजी साप्ताहिकातले ३० मैलांचे ॲव्हरेज म्हणजे लिटरला १०.६ किलोमीटर, तर अमेरिकी मासिकातले तेच ३० मैल म्हणजे १२.८ किलोमीटर. ऑक्सफर्डचे २८ मैल आपल्या हिशेबाने लिटरला जवळपास १० किलोमीटर होतात. अश्वशक्तीच्या आकड्यांत तर याहून अधिक सावध राहावे, कारण १९७२ च्या आधी अमेरिकेत पंखा, सायलेन्सर, एअर फिल्टर यांचे ओझे काढून टेबलावर मोजलेली शक्ती जाहिरातीत देत असत.

आता उन्हाचा प्रश्न. १५ अंश तापमानाची हवा आणि ४५ अंशांची हवा यांची तुलना केली तर दुसरी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी विरळ असते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर असल्यामुळे आणखी तीन-साडेतीन टक्के घट होते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाणारी हवाच कमी झाली म्हणजे शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. शिवाय विरळ हवेत कार्ब्युरेटर मिश्रण जरा जास्तच घट्ट करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो. थंड, दमट इंग्लंडमध्ये जी गाडी तपासली गेली, तिची जुळी बहीण मे महिन्यात दारव्ह्याला आणली तर ती आठवा हिस्सा शक्ती वाटेतच टाकून येते.

पण सर्वोच्च वेगाला गाडीला अडवणारी मुख्य गोष्ट समोरची हवाच असते, आणि तीही तेवढ्याच प्रमाणात विरळ झालेली असते. इंजिनाची ताकद दहा टक्के कमी झाली आणि हवेचा विरोधही दहा टक्के कमी झाला, म्हणून टायरांच्या घर्षणापुरता किंचित फरक सोडला तर सर्वोच्च वेग जवळपास तोच राहतो. मोठेबाबांनी दोन्ही वेळा ३४ सेकंद मोजले, म्हणजे ताशी १०६ किलोमीटर. त्यांची मोजणी बरोबर होती. उन्हाचा मार चढावर आणि पिकअपमध्ये जाणवतो, कारण तिथे गाडीचे वजन ओढायचे असते आणि वजन काही उन्हाने कमी होत नाही.

वरुडची लेक

मास्तरकाका, हे वाचून फार समाधान वाटले. आमच्या बाबांनाही असेच प्रश्न पडत.

तरी वाटसरूदादांचे एक म्हणणे मला पटले नाही, ते नोंदवते. आमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. बाबांच्या संत्र्याच्या बागेपर्यंत कच्चा रस्ता होता आणि मी गाडी शिकले ती याच रस्त्यावर. हेराल्डच्या आकड्यांच्या पानावर पाहिले तर काय दिसेल? ताशी सुमारे ७० मैल, साठचा वेग गाठायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ. एवढ्यावरून कोणी ती गाडी घेतली नसती. तिचे गुण वर्णनात कळतात. संपूर्ण पुढचा भाग बोनेटसकट पुढे उलटून उघडतो, त्यामुळे चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. खांब बारीक असल्यामुळे चहूबाजूंनी दिसते. आणि चासी वेगळी असल्यामुळे खड्ड्यांत अंग खिळखिळे होण्याची भीती कमी. आकड्यांपैकी एकच आमच्या कामाचा होता, तो म्हणजे २५ फुटांत गाडी पूर्ण वळते हा. आमच्या वाड्याच्या अंगणात विहीर आणि गोठा यांच्यामधून ती एका दमात वळायची. दुसरी कोणतीही गाडी तिथे मागेपुढे केल्याशिवाय वळली नाही.

आणि जे धोक्याचे होते तेही वर्णनातच होते. हेराल्डच्या मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल होते, म्हणजे प्रत्येक चाकाचा दांडा मधल्या डिफरन्शियलपाशी वेगळा झुलतो. जोरात वळण घेताना मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग उचलला जातो, चाके आतल्या बाजूला दुमडतात आणि गाडी एकाएकी मागून घसरते. बाबांनी हे एका जुन्या चाचणीत वाचले होते आणि मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात पाय हलवू नकोस. हेराल्डवरूनच पुढे काढलेल्या १९७२ च्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये मागे सरळ एकसंध ॲक्सल आला तेव्हा हा दोष गेला. आकड्यांच्या पानात त्याच्यासाठी रकानाच नव्हता. एखाद्या अनुभवी माणसाने ओल्या रस्त्यावर गाडी चालवून, घाबरून, मग शांतपणे लिहिलेले एक वाक्य माझ्या जिवावरच्या प्रसंगातून मला वाचवून गेले असेल. म्हणून दादा, ती दोन-तीन पाने उलटून पुढे जाऊ नका.

आर्वीचा वाटसरू

ताई, तुमचे म्हणणे मी मनापासून स्वीकारतो. ऑक्सफर्डच्या चाचणीचे वर्णन काल पुन्हा सावकाश वाचले, आणि मी ते किती घाईने वाचले होते ते कळले.

मास्तरांचे उत्तर वाचून मी ट्रंक पुन्हा उघडली आणि ते प्रश्नचिन्ह बराच वेळ पाहत बसलो. मोठेबाबांना जाऊन एकोणीस वर्षे झाली.

अकोल्याचा वाचक

धाग्यात एक मुद्दा यायचा राहिला आहे, तो चाचणीसाठी दिलेल्या गाडीचा. पाचवे चाक खरे बोलते, पण कोणत्या गाडीबद्दल?

वाटसरूंच्या ट्रंकेत १९६१ च्या मार्च महिन्यातले अंक असतील तर जॅग्वार ई-टाइपची चाचणी पाहावी. ‘दि ऑटोकार’ने बंद छताच्या गाडीचा वेग ताशी १५०.४ मैल नोंदवला आणि ‘दि मोटर’ने उघड्या गाडीचा १४९.१. दोन्ही गाड्या कारखान्याने खास निगुतीने तयार करून दिलेल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या हाती पडलेल्या ई-टाइप त्या दीडशेच्या आकड्यापर्यंत सहसा पोचल्या नाहीत. मोजणी खोटी नव्हती आणि मोजणारेही प्रामाणिक होते.

अमेरिकेत तर कमाल झाली. ‘कार अँड ड्रायव्हर’ने मार्च १९६४ च्या अंकात पाँटियाक जीटीओची चाचणी छापली आणि शून्य ते साठला ४.६ सेकंद लिहिले. त्या मॉडेलमध्ये ३८९ घन इंचांचे इंजिन असायला हवे होते, पण चाचणीच्या गाडीत ४२१ घन इंचांचे इंजिन बसवलेले होते, हे त्या गाडीच्या प्रचाराचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगितले. एवढा मोठा फरक बाहेरून कोणाला दिसला नाही.

म्हणून माझा नेम असा आहे की एका गाडीच्या एकाच चाचणीवर विसंबायचे नाही. ‘ऑटोकार’ आणि ‘मोटर’ ही १९८८ मध्ये एकत्र होईपर्यंत प्रतिस्पर्धी होती, त्यामुळे एकाच गाडीच्या दोन स्वतंत्र चाचण्या बहुधा मिळतात. दोन्ही शेजारी ठेवाव्यात, आणि त्याहून चांगले म्हणजे साप्ताहिकाने स्वतः विकत घेऊन काही हजार मैल वापरलेल्या गाडीचा अहवाल शोधावा. दिखाव्याची तयारी काही हजार मैलांत उतरते.

मिस्त्री परतवाडा

अकोलेकर भाऊ बरोबर बोलले. आता आजच्या पेट्रोलचे सांगतो, कारण कोणी जुन्या आकड्यांशी आपल्या गाडीचे ॲव्हरेज ताडून पाहणार असेल तर हे आधी कळायला हवे.

त्या चाचण्यांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसे होते. आपल्याकडे ते २००० साली पूर्णपणे बंद झाले. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला एक प्रकारचे संरक्षण मिळत होते. जुन्या हेडमध्ये कडक धातूच्या सीट बसवल्या नसतील तर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो, टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, कमी होते आणि कॉम्प्रेशन गळते. दर दोन-तीन हजार किलोमीटरला टॅपेट तपासावे. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्यामुळे ॲव्हरेज पाच-सात टक्के कमी येणारच, त्यासाठी मिस्त्रीला बोल लावू नये. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा जुना रबरी पडदा आणि नळ्या इथेनॉलने फुगतात, म्हणून त्या बदलून घ्याव्यात.

उन्हाळ्यात गाडी बंद पडते त्याचेही कारण इथेच आहे. इंजिनाच्या अंगाला चिकटून असलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. पंपावर ओला फडका ठेवण्याची आपली पद्धत शास्त्राला धरून आहे. इंग्लंडच्या चाचण्यांत ती सहसा सापडणार नाही, कारण त्यांच्या थंड हवेत तशी वेळ क्वचितच येते.

निवृत्त मास्तर, दारव्हा

वाटसरू, मोठेबाबांच्या गाडीची चाचणी आपण त्याच पद्धतीने का घेऊ नये? साठ मैलांपर्यंतचा वेळ मोजण्याच्या फंदात पडू नका. आपले रस्ते सार्वजनिक आहेत, बैलगाड्या आणि शाळेची मुले त्यांवर असतात, आणि तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इंग्लंडच्या मंडळींना नन्‌ईटनजवळ एका जुन्या विमानतळावर तयार केलेला बंदिस्त चाचणीमार्ग मिळत होता, आपल्याला तो नाही.

आकड्यांच्या पानावर टॉप गियरमध्ये ३० ते ५० मैलांना लागलेला वेळ दिलेला असतो. माझ्या दृष्टीने आपल्या भागासाठी तोच सर्वांत उपयोगी आकडा आहे. कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली ओलांडताना गाडीला नेमके हेच करावे लागते. ५० ते ८० किलोमीटरचा वेळ घ्या, दोन्ही दिशांना घ्या, वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहा, आणि तापमान लिहायला विसरू नका. एकदा आता थंडीत आणि एकदा एप्रिलअखेर.

आर्वीचा वाटसरू (मे)

मास्तर, दोन्ही चाचण्या पार पडल्या. विलंबाबद्दल क्षमस्व, हरभरा आणि तूर घरात येईपर्यंत सवड नव्हती.

तळेगावच्या बाजूला सपाट, सरळ आणि पहाटे मोकळा असलेला रस्त्याचा एक तुकडा निवडला. पुतण्या शेजारी बसून घड्याळ धरत होता. आधी स्पीडोमीटर ताडून पाहिला. तो ८० दाखवत असताना खरा वेग ७४ होता, म्हणून पुढच्या सर्व मोजण्या जीपीएसवर घेतल्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे १२ अंशांत, टॉप गियरमध्ये ५० ते ८० ला सरासरी १६.८ सेकंद लागले. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्याच तुकड्यावर, तीच दोन माणसे, टाकी तेवढीच भरलेली, ४३ अंश तापमानात सरासरी १९.१ सेकंद. प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या केल्या. दुपारी मध्ये दोनदा थांबून पंपावर ओला फडका टाकावा लागला.

मिस्त्रींच्या गावावरून चिखलदऱ्यालाही एकदा जाऊन आलो. सातशे-साडेसातशे मीटरची चढण आहे. घाटात बराच वेळ दुसऱ्या गियरमध्ये राहावे लागले, पण रेडिएटरमधले पाणी कमी झाले नाही. गळ्यापर्यंत टाकी भरून निघालो आणि परत त्याच पंपावर तशीच भरली, तर लिटरला ९.१ किलोमीटरचे ॲव्हरेज निघाले. घाटाचा चढ आणि इथेनॉल लक्षात घेता १९५४ च्या आकड्यापासून गाडी फार लांब गेलेली नाही असे मला वाटते.

एक शंका उरते. तुमच्या हिशेबाने १२ ते ४३ अंशांत हवा दहा टक्क्यांनी विरळ होते, पण माझा वेळ चौदा टक्क्यांनी वाढला. मोजण्यात चूक झाली का?

निवृत्त मास्तर, दारव्हा

चूक नाही. इंजिनाच्या शक्तीतला काही भाग टायरांच्या घर्षणात आधीच खर्च होतो आणि तो खर्च उन्हाळ्यात फारसा कमी होत नाही. वेग वाढतो तो उरलेल्या शक्तीवर. शंभरातले पंचवीस घर्षणाला गेले असे धरले तर हिवाळ्यात पंच्याहत्तर उरतात आणि उन्हाळ्यात नव्वदातून पासष्ट. मूळ शक्ती दहा टक्क्यांनी घटली, पण उरलेली तेरा टक्क्यांहून अधिक घटली. पंचवीस हा आकडा मी समजण्यासाठी घेतला आहे. हवेचा विरोध थोडा कमी होतो ते एका बाजूला आणि कार्ब्युरेटरचे घट्ट मिश्रण दुसऱ्या बाजूला, असे धरून तुमचे चौदा टक्के मला अगदी योग्य वाटतात. दोन्ही वेळच्या सहा-सहा फेऱ्यांचे सुटे आकडे येथे टाकावेत, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांमध्ये किती फरक पडला तेही पाहता येईल.

वरुडची लेक

दादा, आकड्यांसोबत दोन पाने वर्णनही लिहा. घाटातून उतरताना ब्रेक कसे वाटले, पायाला जोर वाढवावा लागला का, ते सांगायचे राहिले आहे.

आर्वीचा वाटसरू

ताई, पायाला जोर वाढवावा लागला. शेवटच्या तीन वळणांत पेडल पहिल्यापेक्षा बरेच खाली जात होते आणि ड्रमचा वास येत होता, म्हणून एका झाडाखाली वीस मिनिटे थांबलो. मग दुसऱ्या गियरमध्ये टाकून इंजिनाच्या ओढीवर उतरलो, तेव्हा त्रास झाला नाही. सविस्तर वर्णन लिहायला घेतले आहे.

मास्तर, सुट्या फेऱ्यांचा तक्ता उद्या टाकतो. मूळ कागद ऑक्सफर्डच्या त्या पानाशेजारी ठेवला आहे, आणि प्रश्नचिन्हाच्या खाली तुमचे हवेच्या विरोधाचे उत्तर पेन्सिलीनेच दोन ओळींत लिहिले आहे.